एकुलत्याला एकुलता

"पण मास्तर, तुम्ही या कार्डाचं करता तरी काय?"

"खूण म्हणून ठेवतो," शमुवेल मास्तर म्हणाले. "वाचता वाचता डोळा लागतो. जाग आल्यावर पान सापडायला नको?"

विद्याधर खांबेटे खुर्चीत पुढे सरकले. ज्या कार्डासाठी त्यांनी अठरा वर्षं जंग जंग पछाडलं होतं, ते समोरच्या जुन्या बायबलातून जिभेसारखं बाहेर आलं होतं.

कार्ड अमेरिकन फुटबॉलचं होतं. नाव फुटबॉल, पण पायापेक्षा हाताचं काम जास्त, असा तो लांबट चेंडूचा खेळ. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी तिकडे च्युइंगगमच्या पाकिटात खेळाडूंची अशी कार्डं मिळत. त्या साली निघालेल्या एकशे बत्तीस कार्डांपैकी एकशे एकतीस खांबेट्यांकडे होती. साऱ्या देशात एवढी कुणाकडे नाहीत, असं लोक म्हणत. लोक विसरले तर खांबेटे स्वतः म्हणत.

राहिलं होतं एकच. हँक ड्युबेक.

आठवड्यापूर्वी त्यांच्या कारखान्यातल्या फोरमननं आपल्या शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांचा फोटो मोबाइलवर दाखवला. नेवाशाजवळच्या जुन्या मिशन आवारात मास्तरांची पंचाहत्तरी झाली होती. गळ्यात हार, मांडीवर बायबल. सगळ्यांनी मास्तर पाहिले. खांबेट्यांनी बायबलातून डोकावणारा बोटभर कोपरा पाहिला आणि ओळखला.

रविवारी पुण्यात त्यांचं प्रदर्शन होतं. दाराशी लावायची पाटी रंगवून तयार होती. 'संपूर्ण संच.'

"हातात घेऊ का?" त्यांनी विचारलं आणि खिशातून पांढरे सुती हातमोजे काढले.

मास्तरांच्या पत्नी रूथबाई चहा घेऊन येत होत्या. त्या दारातच थबकल्या.

"अगं बाई! ऑपरेशन आहे का कुणाचं?"

मास्तर हसले. खांबेटे हसले नाहीत. त्यांनी कार्ड दोन बोटांत धरून उजेडाकडे नेलं.

"चारही कोपरे झिजलेत. मधे घडी पडलीय. मागच्या बाजूला गमचा डाग आहे."

"तो डाग मी चाटलेला आहे," मास्तर म्हणाले. "गोड लागेल असं वाटलं होतं."

खांबेट्यांनी मग आपली पेटी उघडली. आत एकशे बत्तीस खाचा होत्या. प्रत्येक कार्ड जाड पारदर्शक डबीत कायमचं बंद. एक खाच रिकामी होती, म्हणून पेटी उचलली की आतल्या डब्या एकमेकींवर आपटून खुळखुळत.

ते बोलू लागले. कुठल्या कार्डाची छपाई तिरकी, कुठल्याची शाई फिकट, कुठल्या नावात एक अक्षर चुकलं होतं आणि कंपनीनं ते कधी सुधारलं... त्यांना सगळं तोंडपाठ होतं. एकही कागद न बघता ते पाव तास बोलले. बशीतला चहा थंड झाला.

मास्तरांनी मन लावून ऐकलं. मग ड्युबेकच्या चित्रावर बोट ठेवलं.

चित्रात एक आडदांड माणूस ओणवा झाला होता. त्याचे दोन्ही हात जमिनीवरच्या चेंडूवर होते. मान वर करून तो थेट बघणाऱ्याकडे बघत होता.

"साहेब, हा काय करतोय?"

"हा?" खांबेटे म्हणाले. "चेंडू उचलतोय."

मास्तर आधी गालात हसले. मग खदखदून हसले. मग त्यांना असा ठसका लागला की रूथबाईंना पाणी आणावं लागलं.

"अठरा वर्षं?" मास्तरांनी डोळे पुसले. "अठरा वर्षं तो उचलतोयच?"

खांबेट्यांचे कान लाल झाले. "मी खेळ बघितलेला नाही. माझा विषय कार्डं आहे."

"चला अंगणात."

अंगणात पपईचं झाड होतं. मास्तरांनी एक हिरवी पपई पिरगाळून काढली.

"भाजीची आहे ती!" आतून आवाज आला. "फोडलीत तर आज नुसती भाकरी!"

"फुटणार नाही!" मास्तर ओरडले आणि खांबेट्यांकडे वळले. "ओणवे व्हा."

"काय?"

"शाळेत कधी झाला नाहीत? व्हा ओणवे."

चाळीस वर्षांची कवायत होती त्या आवाजात. पुण्यात ज्यांच्यासमोर शंभर माणसं उभी राहत, ते खांबेटे इस्त्रीच्या कपड्यांनिशी मातीत ओणवे झाले. हातात पपई. मास्तर त्यांच्या मागे चार पावलांवर जाऊन उभे राहिले.

"मी द्या म्हटलं की पायांमधून मागे द्यायची. द्या!"

पपई जागची हलली नाही.

"तुम्ही नीट घ्याल ना?" खांबेट्यांनी पायांमधून डोकं घालून मागे पाहिलं.

"मागे बघायचं नाही. ड्युबेक बघतोय का? समोर बघा. द्या!"

पहिल्यांदा पपई त्यांच्याच पोटरीवर आपटली. दुसऱ्यांदा तुळशीसारख्या वाढलेल्या पुदिन्यात गेली. तिसऱ्यांदा त्यांना फक्त एवढंच कळलं, की हात रिकामे झाले. मागे थप्प आवाज आला. मास्तरांनी झेलली होती.

"जमलं!" खांबेटे पोरासारखे ओरडले आणि वळायला लागले. तेवढ्यात मास्तरांनी पुढे येऊन त्यांच्या खांद्याला असा धक्का दिला की ते दोन पावलं मागे गेले.

"हे काय, मास्तर?"

"दिल्यावर समोरचे असेच अंगावर येतात. चेंडू मागचा कुणी घेऊन जातो, टाळ्या त्याला मिळतात. याचं काम काय? दिलं, की उभं राहायचं."

खांबेट्यांनी गुडघ्यांवरची माती झटकली.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"टेडीनं. इथल्या दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरांचा मुलगा. आम्ही बरोबरीचे, अकरा वर्षांचे. हे कार्ड त्याचंच. आम्ही पोरं याला दुबेकाका म्हणायचो."

"त्यानं तुम्हाला भेट दिलं?"

"छे! अदलाबदल. या आवारातल्या पोरांचा नियम होता. ज्याच्या दोन प्रती, त्याच्या बदल्यात दोन असलेली वस्तू. पण ज्याचं एकच असेल, त्याच्या बदल्यात एकच असलेली. एकुलत्याला एकुलता. टेडीकडे दुबेकाका एकच होता. माझ्याकडे भोवरा एकच होता."

"भोवरा आता कुठे असेल?"

"फिरत असेल."

खांबेट्यांनी पटकन आपल्या पिशवीतून एक जाड पाकीट काढलं. ते तयारीनं आले होते. "यात चाळीस कार्डं आहेत, मास्तर. सगळी माझ्याकडे दोन-दोन आहेत. चाळीसच्या चाळीस घ्या."

"माझ्याकडे दुबेकाका किती?"

"...एक."

मास्तरांनी पाकिटाला हात लावला नाही.

खांबेट्यांनी मनात हिशेब मांडला, तो पुन्हा मांडला. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं.

"मास्तर, पण मग एक येईल आणि एक जाईल. माझी एकशे एकतीसच राहतील."

"हो."

"म्हणजे संच कधीच पुरा होणार नाही!"

"आमच्यात कुणाचाच झाला नाही," मास्तर म्हणाले. "म्हणून तर रोज संध्याकाळी सगळे जमायचो."

मग त्यांनी बायबलातलं कार्ड काढलं, त्या पानात कडुनिंबाची एक काडी घातली आणि कार्ड खांबेट्यांच्या शर्टाच्या खिशात सरकवलं.

"घ्या. तुमचा झाला."

"पण मी अजून काही दिलेलं नाही."

"ते बघणं माझं काम नाही," मास्तर म्हणाले आणि पपई घेऊन आत गेले.

खांबेटे गाडीत येऊन बसले. पुन्हा हातमोजे चढवले. बरोबर आणलेल्या रिकाम्या डबीत त्यांनी ड्युबेकला अलगद ठेवलं, डबी मिटली आणि ती शेवटच्या खाचेत बसवली. एकशे बत्तीस. आता जगानं काहीही म्हणावं, रविवारची पाटी खरी होती. मास्तरांनी आपण होऊन दिलं होतं. त्यांनी हिसकावलं नव्हतं, फसवलं नव्हतं.

त्यांनी पेटी बंद करून कानाशी हलवली.

पेटी खुळखुळली नाही. अठरा वर्षं ज्या आवाजानं त्यांना गावोगाव हिंडवलं, तो आवाज थांबला होता. त्यांनी पुन्हा हलवली. आत जणू काहीच नव्हतं.

त्यांनी गाडीच्या किल्लीला हात लावला, पण ती फिरवली नाही...

मास्तर ओसरीत बायबल वाचत होते. फाटक वाजलं तरी त्यांनी मान वर केली नाही. रूथबाई मात्र विळीवरून उठल्या.

"काही राहिलं का हो?"

"हो," खांबेटे म्हणाले.

त्यांनी पेटी अंगणातल्या मातीत ठेवली. हातमोजे काढून खिशात कोंबले. पेटीचं झाकण उघडलं. मग तिच्यासमोर, मास्तरांकडे पाठ करून, ते ओणवे झाले. डोळे गच्च मिटले. उघड्या बोटांनी एकशे बत्तीस डब्यांवरून हात फिरवला. सगळ्या सारख्याच गार लागत होत्या. ज्याच्यासाठी पहिला पगार घालवला, ते कार्ड यात होतं. बायकोनं लग्नाच्या वाढदिवसाला दिलेलं यातच होतं. ड्युबेकही यातच होता.

ओसरीवर पुस्तक मिटल्याचा आवाज झाला. मग पावलं. मागे चार पावलांवर ती थांबली.

"द्या."

खांबेट्यांच्या हाती एक डबी आली. त्यांनी ती पायांमधून मागे दिली.

थप्प.

ते तसेच ओणवे राहिले. मागे डबीचं प्लॅस्टिक कडकन मोडलं. पानं सळसळली. कडुनिंबाची काडी त्यांच्या पायाशी येऊन पडली. पुस्तक मिटलं.

"मास्तर," खांबेट्यांनी मातीकडे बघत विचारलं, "कोणता गेला... तेवढं तरी सांगा."

"चेंडू गेला, साहेब. आता उभे राहा."