कोल्ह्याची राखण

पुष्कळ जुनी गोष्ट आहे, जंगलांना नावं पडायच्या आधीची. एका जंगलात मोहाचं मोठं झाड होतं. त्याची फुलं खाऊन एकदा हत्ती झिंगला आणि त्याने सिंहाच्या गुहेचं दार पाडलं.

सिंह भडकला. “आजपासून मोहाला बंदी! झाडाची राखण कोल्हा करील.”

आता सांगा, यापेक्षा वेगळं काय होणार? कुंपणच शेत खाऊ लागलं. पूर्वी फुकट मिळणारं फूल आता कोल्ह्याच्या बिळात मधाच्या पोळ्याला मूठभर मिळू लागलं. माल पुरेना, तेव्हा तो त्यात धोत्र्याचं बी मिसळू लागला. ते खाऊन म्हाताऱ्या अस्वलिणीच्या लेकाचे डोळे गेले.

दुसऱ्या दिवशी अस्वलीण भर उजेडात झाडाखाली बसली आणि फुलं खाऊ लागली. कोल्ह्याने तिला भर सभेत सिंहापुढे ओढत नेलं.

“महाराज, हिने कायदा मोडला!”

“मोडला,” अस्वलीण म्हणाली. “काय करायचं ते करा. मी उघड्यावर खाल्लं, म्हणून मी चोर. यानं बिळात विष विकलं, म्हणून हा राखणदार! माझ्या लेकाचे डोळे कुणी भरून द्यायचे?”

सिंह चपापला. “मग राखणीला दोन कोल्हे ठेवतो.”

अस्वलीण खदखदून हसली. “मग दोन दुकानं होतील, महाराज! बंदी उठवा. झाड सगळ्यांच्या नजरेसमोर राहू द्या. पोरांना आम्ही आवरू, झिंगलेल्याला आम्ही सांभाळू.”

सिंहाने सभेला विचारलं, “बंदी उठवायला कुणाची हरकत आहे?”

कोल्हा तेवढा छाती पिटत ओरडला, “महाराज, पिल्लं बिघडतील! जंगल बुडेल!”

“माझं पिल्लू आंधळं झालं, तेव्हा का रे रडला नाहीस?” अस्वलिणीने विचारलं.

सिंहाने कोल्ह्याच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं आणि बंदी उठवली.

त्यानंतरही कुणी कधी झिंगलं, भांडणंही झाली. पण धोत्र्याने कुणाचे डोळे गेले नाहीत. कोल्ह्याला पुन्हा शिकारीमागे धावावं लागलं, आणि ते पोट घेऊन त्याला धावता येईना. अस्वलिणीच्या लेकाला मात्र पुन्हा दिसलं नाही. फुलांच्या दिवसांत ती त्याला हात धरून झाडाखाली नेते.

तात्पर्य : बंदीसाठी सर्वांत मोठ्याने कोण रडतो ते पाहा, बंदीची कमाई त्याच्याच घरात सापडेल.