मोहाच्या झाडाखालची शपथ

मुलांनो, मोहाची झाडे दाट वाढलेल्या एका जंगलात एक अस्वलीण आपल्या पिल्लाला घेऊन राहत असे. पिल्लू गोड, पण भारी खोडकर. वारुळात नाक खुपसून शिंकत बसायचे, उताणे पडून पायांवर लाकडाचा ओंडका नाचवायचा, हाच त्याचा दिवसभराचा उद्योग. एका वर्षी मात्र त्याचे काहीतरी बिनसले. ते सारखे ओढ्याकडे पळू लागले. कितीही पाणी प्याले तरी घसा कोरडाच, आणि शू तर सारखी लागलेली. खायचे पोटभर, तरी वाळत चालले होते. एके दिवशी झाडावर चढता चढता ते अर्ध्यातच थांबले, खाली उतरले आणि न खेळता आईच्या कुशीत जाऊन निजले. अस्वलिणीच्या काळजात चर्र झाले. तिने त्याला पाठीवर घेतले आणि तडक साळिंदरआजींचे बीळ गाठले.

साळिंदरआजी म्हणजे त्या जंगलाच्या वैद्य. त्यांनी पिल्लाला नीट तपासले आणि पुढ्यात बसवून घेतले. "बाळा, मधाचं पोळं पाहिलंयस ना? आत मध असतो, पण वर मेणाचं झाकण असतं. तुझंही तसंच झालंय. तू खातोस त्याची साखर तुझ्या अंगात आहे, पण तिचं झाकण उघडणारा एक रस असतो, तो तुझ्या पोटात तयार व्हायचा थांबलाय. म्हणून तो रस आपण काट्याने टोचून द्यायचा. रोज, खायच्या आधी."

"म्हणजे किती दिवस?" पिल्लाने विचारले.

"रोजच रे बाळा. दुखेल थोडं, खोटं कशाला सांगू? पण तू झाडावर चढशील, पोहशील, सगळं करशील."

मग आजी अस्वलिणीकडे वळल्या. "हे बघ, गोड खायचं ते मापात आणि रस टोचून. आणि दुसरं नीट ऐक. रस टोचला आणि खाणं कमी पडलं, किंवा फार धावपळ झाली, तर अंगातली साखर एकदम उतरते. अंग थरथरतं, घाम सुटतो. तेव्हा मात्र लगेच गोड द्यायचं, अजिबात थांबायचं नाही." अस्वलिणीने पहिले वाक्य ऐकले आणि तिचे डोळे भरून आले. दुसरे तिच्या कानांवरून गेले. पिल्लू मात्र आजींच्या पुढ्यातच बसले होते, त्याने सगळे ऐकले.

बातमी जंगलभर झाली. माकडीण फांदीवरून म्हणाली, "मधाचा हावरटपणा केला, दुसरं काय होणार?" पिल्लू झाडाखालीच उभे होते. मागे एकदा त्याने आईला न विचारता पोळे फोडून सगळा मध एकट्याने चाटला होता. त्याला वाटले, त्याचीच ही शिक्षा. तेव्हापासून ते गप्प गप्प राहू लागले आणि आईशीही त्याविषयी बोलले नाही.

त्या जंगलात एक रीत होती. मोह फुलला की सगळे प्राणी रोज सकाळी मोठ्या झाडाखाली जमत आणि एका पंगतीला बसून फुले खात. त्या झाडाच्या बुंध्यावर पंजा ठेवून दिलेला शब्द कुणी मोडत नसे. त्या वर्षी पहिल्या पंगतीच्या आधी अस्वलिणीने सगळ्यांना बुंध्याशी बोलावले. "माझ्या पिल्लाला गोडाचा कणसुद्धा द्यायचा नाही, अशी शपथ घ्या." हरणांनी घेतली, सशाने घेतली, माकडिणीने तर दोन्ही हात ठेवून घेतली. सगळ्यांचा पिल्लावर जीव होता ना, म्हणूनच.

अस्वलिणीने पिल्लाला रस टोचला आणि त्याच्या पुढे कंद ठेवले. समोर सगळी पंगत मोहाची फुले खात होती आणि मधूनमधून त्याच्याकडे बघून हळहळत होती. दोनच घास खाऊन पिल्लू उठले आणि हरणाच्या पाडसाबरोबर शिवाशिवी खेळू लागले. खूप पळाले. पळता पळता एकाएकी त्याचे पाय त्याचे राहिले नाहीत. अंग थरथरू लागले, डोळ्यांपुढे झाडे डुलायला लागली.

काय होते आहे ते त्याला कळले. पण गोड मागायचे कसे? पुन्हा हावरट म्हणतील. शेवटी ते धडपडत आईजवळ गेले. "आई, मध दे. माझी साखर उतरलीय."

"बघा, कसं शहाण्यासारखं मागतंय," माकडीण म्हणाली. "अस्वलीणताई, विरघळू नका. शपथ तुम्हीच घ्यायला लावलीत."

पंगतीसाठी आणलेला मधाने भरलेला पानाचा द्रोण अस्वलिणीच्या हाताशीच होता. तिने पिल्लाकडे पाहिले. त्याचे नाक घामाने डबडबले होते, शब्द अडखळत होते. "आजींनी सांगितलंय आई," ते पुटपुटले, "दुसरी गोष्ट. तू ऐकली नाहीस."

अस्वलीण क्षणभर थबकली. गोड दिले आणि याला काही झाले तर? पण पिल्लाच्या डोळ्यांत खोडी नव्हती, भीती होती. तिने द्रोण उचलला आणि त्याच्या तोंडाला लावला. पंगतीतले घास थांबले. पिल्लाने हळूहळू मध चाटला. जरा वेळाने त्याची थरथर थांबली, नजर ठिकाणावर आली. मग त्याने उरलेले कंदही खाल्ले.

तेवढ्यात सशाने बोलावून आणलेल्या साळिंदरआजी धापा टाकत पोचल्या. त्यांनी पिल्लाला पाहिले आणि सुस्कारा सोडला. "वेळेवर दिलंस ग बाई."

पिल्लाने आईच्या छातीत तोंड लपवले. "आई, मी तुला न विचारता पोळं फोडलं होतं. म्हणून मला हे झालं का?"

माकडिणीने मान खाली घातली.

"नाही रे राजा," आजी म्हणाल्या. "मध खाल्ल्याने हे होत नाही, खोड्या केल्यानेही होत नाही. तुझ्या हातून काही चुकलेलं नाही, आईच्याही नाही."

अस्वलिणीने पिल्लाला घट्ट धरले. ती रडत होती आणि ते तिने कुणापासून लपवले नाही. "चुकलं असेल तर एवढंच, की मी अर्धंच ऐकलं," ती सगळ्यांना म्हणाली. "ती शपथ आता सोडा. याला काय हवंय, ते यालाच विचारत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लाने दंड पुढे केला, आईने रस टोचला. आजींनी ठरवून दिली तेवढी मोहाची फुले घेऊन ते पाडसाच्या शेजारी पंगतीत बसले. सगळे आपापले खात होते. त्याच्या पानात कुणीही डोकावून पाहिले नाही.

तात्पर्य एवढेच, मुलांनो : आजार ही कुणाची चूक नसते आणि शिक्षाही नसते. ज्याच्यावर माया करायची, त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे.