फणसाचा पाला आणि कोंबडीचं अंडं

फार मागं, जनावरं आपापली अंगणं झाडायची, तेव्हाची गोष्ट. शेळी आणि कोंबडी शेजारणी. मधल्या कुंपणात फणस. पाला गळला की कोंबडी म्हणायची, "हा कचरा तुझा!" आणि पलीकडे लोटायची. शेळी न चाखताच परत ढकलायची.

एकदा ढीग लोटल्यावर कोंबडी किंचाळली, "अगं बाई! त्यात माझं अंडं राहिलं! शेळीताई, पाय देऊ नका हो!"

"कचरा माझा ना? मग अंडंही माझंच!"

"नाही हो, पाला माझाच!"

"आज बरा तुझा झाला!"

शेळी तावातावानं भांडत होती आणि रागाच्या भरात पानं चघळत होती. भांडण संपायच्या आधी ढीगच संपला. खाली अंडं धडधाकट.

शेळी ढेकर देऊन म्हणाली, "घे बाई तुझं अंडं. आणि उद्या पाला जरा लवकर लोट."