रानाचा फेटा

ऊस तुटला की रानात उरलेल्या वाळल्या पानांचं पाचट पेटवायचं, का ते विचारायचं नाही, हा हिंगणवाडीचा नियम. शेतकी शिकून आलेल्या वृषालीनं मात्र काडी ओढली नाही.

पाणी संस्थेचे चेअरमन बाजीतात्या भर दुपारी पारावरून गरजले, “पाचट पेटव, नाहीतर तुझी पाण्याची पाळी बंद!”

“पेटवते. आधी तुम्ही फेटा उतरवून उन्हात बसा.”

“पोरी, डोकं तापेल माझं! अन् अब्रू जाईल ती वेगळीच.”

“तात्या, पाचट हा माझ्या रानाचा फेटा आहे. त्याच्याखाली ओल टिकते. तुम्ही तुमचा उतरवत नाही, अन् मला माझा जाळायला सांगता? नाही जाळणार!”

तात्यांचा हात नकळत फेट्यावर गेला.