करंजाची सावली, शेवंतीचे फूल

एका राज्यात हिरण्यबाहू नावाचा राजा होता आणि आपल्या न्यायाचा त्याला भारी अभिमान होता. त्याच्या राज्यात सर्वांना एकच माप. पैलवानाला दोन भाकऱ्या, तर दात पडलेल्या म्हाताऱ्यालाही दोनच. कुणी कुरकुरले तर राजा म्हणे, "माझ्या दारी डावे-उजवे नाही." लोक त्याच्यासमोर माना डोलवीत आणि घरी जाऊन कपाळाला हात लावीत.

एके दिवशी कालकंठ नावाचा मांत्रिक सात वाळवंटे तुडवून राजवाड्याशी आला. त्याच्या घशाला कोरड पडली होती. नियमाप्रमाणे त्याला एक पेला पाणी मिळाले. त्याने दुसरा मागितला.

"सर्वांना एकच," राजा म्हणाला.

मांत्रिक हसला. ते हसू ऐकून पागेतले घोडे गुडघे टेकून बसले. अंगणात राजाची जुळी मुले खेळत होती, पुष्कर आणि अवंतिका, दोघे पाच वर्षांचे. मांत्रिकाने पेल्यातला शेवटचा थेंब त्यांच्या अंगावर उडवला. पुष्कर होता तिथे शेवंतीचे रोप उभे राहिले आणि अवंतिका होती तिथे करंजाचे.

"राजा, ही तुझी लेकरे," कालकंठ म्हणाला. "आता वाढव तुझ्या मापाने. ज्या दिवशी भर मध्यान्ही तू या करंजाच्या सावलीत मावशील आणि त्याच घटकेला ही शेवंती फुललेली असेल, त्या दिवशी फूल खुड. दोघे परत मिळतील. त्याआधी खुडलेस, तर मुलगा मिळेल, पण मुलगी जन्मभर झाडच राहील. आणि रोप मेले, तर मूलही मेले."

एवढे बोलून तो उभ्या जागी नाहीसा झाला.

राजाने लगेच हुकूम सोडला. रोज सकाळी दोघांच्या बुंध्याशी एकेक घागर. पंधरा दिवसांत शेवंतीची पाने पिवळी पडली, कारण तिची मुळे चिखलात कुजू लागली. करंजाला पाणी आयते वरच्यावर मिळे, म्हणून त्याची मुळे खाली जाईनात, आणि वाऱ्याच्या पहिल्याच झोताने तो आडवा झाला. राजा कासावीस होऊन म्हणाला, "पण मी अन्याय कुठे केला?"

राणी कनकावतीचा धीर सुटला. "महाराज, आता बाजूला व्हा," ती म्हणाली. तिने पदर खोचला, खुरपे हाती घेतले आणि ती लेकरांपाशी जाऊन बसली. पण पुढे काय करावे ते तिलाही कुठे ठाऊक होते? खुरपे धरून ती नुसती रडत राहिली.

तेव्हा करंजाला आधार दिलेल्या काठीवर एक तांबट पक्षी येऊन बसला. अंग हिरवे, कपाळ लाल.

"राणीसाहेब, मी तीन गोष्टी सांगेन," तो म्हणाला. "एक साधल्यावाचून दुसरी सांगणार नाही."

"सांग, पाखरा."

"शेवंतीला रोज ओंजळभर पाणी. करंजाला आठ दिवसांतून एकदा, पण घागरभर. खोडाशी नको, हातभर लांब आळे करून त्यात. शेवंतीचे शेंडे आषाढात खुडावे, करंजाच्या शेंड्याला बोट लावू नये."

राणीने तसे केले. शेंडे खुडताना शेवंतीतून "आई गं" असे ऐकू आले. राणीने ओठ घट्ट मिटले आणि उरलेले शेंडे खुडले. एका काडीच्या एकवीस फांद्या झाल्या, आणि मार्गशीर्षात शेवंती फुलली. सर्वांत मोठ्या फुलात पुष्करचा चेहरा होता, गाढ झोपलेला. सारा दरबार हात जोडून पाहत राहिला.

करंज मात्र गुडघ्याएवढा होता. त्याच्या सावलीत मांजरही मावले नसते.

राजाचा हात फुलाकडे गेला. "राणी, एक तरी पदरात पडू दे."

"आणि दुसरीचे काय?" राणीने त्याचा हात धरला. "माप विसरलात वाटते, महाराज!"

राजाने हात मागे घेतला. तांबट म्हणाला, "दुसरी गोष्ट. फूल सुकू द्या. मुळाशी फुटवे येतील. ते काढून मोकळ्या उन्हात लावा. पुष्कर त्यात आहे. फूल दरवर्षी नव्याने उगवते, झाड मात्र वर्षावर वर्ष चढवीत जाते."

आपल्या लेकराचा चेहरा पाकळी-पाकळीने सुकताना राणीने पाहिला. मग फुटवे आले, तिने ते लावले आणि पुढल्या हिवाळ्यात तोच चेहरा पुन्हा फुलला. करंज वाढत होता आणि त्याच्या सावलीत शेवंती फुलेना, म्हणून दरवर्षी राणीला भाऊ बहिणीपासून दोन पावले दूर न्यावा लागे.

तिसऱ्या वर्षी, ऐन वैशाखात, तांबट म्हणाला, "तिसरी गोष्ट. करंजाचे पाणी तोडा."

"या उन्हात?"

"या उन्हातच."

राणीने पाणी तोडले. रोज ती शेवंतीला ओंजळ घाली, आणि करंजाच्या कोमेजल्या पानांतून आवाज येई, "आईसाहेब, पुष्करला देता, मग मला का नाही?"

एकदा ती भरली घागर घेऊन आळ्यापर्यंत गेली. घागर कलती केली. पाणी काठाशी आले. तिथून ती परतली, आणि दोन्ही कान झाकून दिवसभर जमिनीवर पडून राहिली. आठव्या दिवसापासून करंज बोलेनासा झाला. ते मौन तिला हाकांहून अवघड गेले.

पण आषाढ लागला तेव्हा करंज पुरुषभर उंच झाला होता, आणि पुन्हा त्याला घागरीची गरज पडली नाही.

सातव्या मार्गशीर्षात, सूर्य माथ्यावर असताना, राजा करंजाखाली मांडी घालून बसला. सावलीने त्याला गुडघ्यांसकट पोटात घेतले. पलीकडे, चौदा पावलांवर, उन्हात शेवंती फुलली होती. राणीने फूल खुडले.

वारा थांबला. पाखरे आकाशात जिथल्या तिथे राहिली. फुलातून पुष्कर उतरला, पाच वर्षांचा, डोळे चोळत. आणि करंजातून बाहेर आली बारा वर्षांची मुलगी, राणीच्या कानाला लागेल एवढी उंच. जुळ्या भावंडांमध्ये सात वर्षांचे अंतर पाहून दरबारातला एकेक माणूस गुडघ्यांवर आला.

राजा लेकरांसमोर जमिनीवर बसला. "बाळांनो, तुम्हाला काय हवे?" त्याने असे कुणाला कधी विचारले नव्हते. त्या दिवसापासून राज्यात मापाआधी माणसाला विचारू लागले.

पुष्कर आईच्या पदरामागे लपला. "ही कोण? माझी बहीण तर माझ्याएवढी आहे."

अवंतिकेने त्याला कडेवर घेतले. मग ती आईकडे वळली. राणीची मान वर होईना.

"आईसाहेब, त्या वैशाखात मी तुमच्यावर फार रागावले होते," अवंतिका म्हणाली. "त्या रागातच मुळे खाली खाली नेली. खाली पाणी होते."

राणीने तिला पोटाशी धरले आणि सात वर्षांचे रडू रडली.