आठवं रॉकेट

“मग ते मध्येच विसरतं का, बाबा?”

एवढं विचारून मृदुला कासले दर्ग्याच्या पायरीवर बसली. तिचं सातवं रॉकेट नुकतंच नदीत पडलं होतं. दोरासकट.

साबीरबाबांना उत्तर द्यायची घाई नव्हती. फकिरी घेण्याआधी बावीस वर्षं ते वेधशाळेत फुगे सोडायचे आणि वारा त्यांना कुठे नेतो ते दुर्बिणीतून बघत बसायचे. बघायचं आणि गप्प राहायचं, ही सवय अंगात मुरली होती.

समोर नदी फुगलेली. पलीकडे अकरा घरांची खैरवाडी, सकाळच्या धुक्यात बुडालेली. पलीकडे जायचा साकव वाहून गेल्याला नऊ दिवस झाले होते आणि खडकांमुळे बोट घालायची सोय नव्हती. वाडीतल्या अनसूयाबाईंची साखरेच्या आजाराची इंजेक्शनं काल संपली होती. एक बारीक दोर पलीकडे पोचला की त्याच्यामागून जाड दोर जाणार होता, आणि त्यावरून औषधाची पिशवी.

साकव गेल्या वर्षीही असाच गेला होता. तेव्हापासून मृदुला तंत्रनिकेतनातली नोकरी सांभाळून घरी रॉकेट बनवत होती. स्वस्तातलं, पण आपली दिशा आपण सांभाळणारं. पलीकडच्या चिंचेच्या फांद्यांत दोर अडकवणारं. नेमक्या त्याच चिंचेच्या.

“विसरतं म्हणजे?” बाबांनी शेवटी विचारलं.

“त्याच्या नाकात चिप आहे, मोबाइलमध्ये असते तसली. आपण किती वळलो ते ती मोजते आणि पंख त्याप्रमाणे हलतात. कागदावर सगळं बरोबर आहे.”

“पंखांना जोर कधी येतो?”

“वेग आला की.”

“सुटताना वेग असतो?”

“नाही...”

“आणि उतरताना?”

रॉकेटच्या पोटातली आग दोन सेकंदांची. पंखांची पकड मधल्या एवढ्याशा वेळापुरती. हे तिला ठाऊक होतं. कोणी असं समोर बसून विचारलं नव्हतं, इतकंच.

“भारीतली चिप असती तर जमलं असतं,” ती म्हणाली. आवाज दुखावलेला होता.

बाबा उठले. खांद्यावरचं हिरवं फडकं काढून त्यांनी तिचे डोळे बांधले.

“समोर हौद आहे. साठ पावलं. सरळ जा.”

ती निघाली. ओल्या फरशीवर एकेक पाऊल तोलून, मनात मोजत. नदीचा आवाज चहूकडून येत होता. थोड्या वेळाने तिला वाटू लागलं, आपण जागच्या जागीच आहोत आणि अंगणच संथपणे वाहत चाललंय... साठावं पाऊल पडलं. तिने हात पुढे केला.

हाताला भिंत लागली.

तिने फडकं सोडलं. हौद डावीकडे राहिला होता, चांगला पंधरा पावलांवर.

“कुठलं पाऊल चुकलं?” बाबांनी लांबूनच विचारलं.

“एकही नाही. म्हणजे... प्रत्येक थोडंसं.”

“मी हौदापाशी उभा राहून हाक मारली असती तर?”

“पोचले असते.”

बाबा परत पायरीवर जाऊन बसले.

मृदुला धुक्याकडे बघत राहिली. तिकडे माणसं होती. सातही वेळा तिने त्यांना फोनवर बजावलं होतं, मध्ये येऊ नका, ते आपलं आपण बरोबर येईल. तिसरं रॉकेट वाडीच्या खाचरात पडलं होतं. देवळाच्या भिंतीआड बसलेले लोक बघतच राहिले, आणि दोर नदीने ओढून नेला.

तिने आठवं रॉकेट काढलं. नाकातली चिप काढून पिशवीत टाकली. पंख सरळ करून घट्ट बांधले. मग फोन लावला.

“चिंच सोडा. भिंतीआडच थांबा. पडल्याचा आवाज झाला की मग सगळे पांगा आणि दोर शोधा. कुठेही असेल.”

बाबा धुकं कुठून कुठे सरकतंय ते बघत होते. “थोडं नदीच्या वरच्या अंगाला धर,” ते म्हणाले.

रॉकेट सुटलं. पांढऱ्यात पांढरं होऊन दिसेनासं झालं. वेटोळ्यातला दोर सरसर सुटत राहिला, सुटत राहिला, आणि थांबला.

काहीच ऐकू येईना. पलीकडचा फोनही लागेना. दोर पाण्यावर सैल पडला होता.

“गेलं, बाबा,” मृदुला हळू आवाजात म्हणाली. “कुठे गेलं तेही कळलं नाही मला.”

बाबांनी खाली वाकून दोरावर एक बोट ठेवलं. डोळे मिटले. बराच वेळ तसेच राहिले...

मग त्यांनी दोर उचलून तिच्या हातात दिला.

“धर नीट. नदीचा हिसका असा थांबून थांबून येत नाही. पलीकडून कोणीतरी ओढतंय.”