उजव्या हाताचा मोजा

"...पण बाबा, उजवा गेला कुठं? डावा सापडतो आणि उजवा सापडत नाही, असं कधी होतं का?"

दस्तगीरबाबांचं लक्ष आपल्या हातांकडं होतं. दर्ग्याच्या ओट्यावर, लिंबाच्या सावलीत बसून ते शेरणीची पिशवी चाचपत होते. गुरुवार होता. आल्यागेल्यांनी वाहिलेले बत्तासे, चुरमुरे, खोबरं असं सगळं त्या पिशवीत एक झालं होतं.

"अंबादासनं दडवलाय," दिगंबर ओतारी म्हणाला. "जोड घरात दाबून ठेवलाय आणि एकेक बाहेर काढतोय लेकाचा."

"बस आधी."

"बसायला नाही आलो. न्याय मागायला आलोय."

"न्याय बसून मागितला तरी चालतो."

दिगंबर बसला, पण टेकला नाही. ज्याच्या पोटात दुखतं त्याला टेकवत नाही.

आता हे दुखणं काय होतं, ते सांगायला हवं.

दिगंबर आणि अंबादास लोणारी हे दोघं बाबांचे शिष्य. एकाच दिवशी पायावर डोकं ठेवलेले, म्हणजे गुरुबंधू. धंदाही एकच, जुन्या बाजारात मोडकंतोडकं विकायचा. दोघांचं मिळून एकच पाल. त्याच्या अर्ध्या सावलीत दिगंबरची पितळ-तांब्याची मांडामांड, अर्ध्या सावलीत अंबादासची बाकीची अडगळ. दिगंबर बोलका. अंबादास तोंडात सुपारी धरून बसायचा, आणि गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं झालं तर फक्त मान हलवायचा. दिगंबर त्याला लोकांदेखत 'आमचा मुका वाटेकरी' म्हणायचा, आणि अंबादास हसायचा.

माल घ्यायचा तो दोघांनी मिळून, उक्ता. उक्ता म्हणजे सगळ्या ढिगाचा एकच भाव, निवडानिवड नाही. मग घरी आणून वाटणी. एकानं दोन वाटे करायचे आणि दुसऱ्यानं त्यातला हवा तो उचलायचा. ही रीत बाबांनीच घालून दिलेली. करणाऱ्यानं लबाडी केली तर उचलणारा चांगला वाटा नेतो, म्हणून करणारा सरळ वागतो. रीत मोठी सोपी होती. पण माणूस रीतीपेक्षा हुशार असतो, आणि दिगंबर तर स्वतःला फारच हुशार समजायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी टेकडीवरच्या जुन्या मिशनच्या बंगल्याचा माळा रिकामा झाला. कुण्या एके काळी तिथं अमेरिकेचा पाद्री राहायचा. त्याची अडगळ कुणाला नको होती. दोघांनी ती उक्ती घेतली, अगदी मातीमोल.

वाटे करायची पाळी दिगंबरची होती.

त्यानं ढिगात हात घातला आणि हाताला घंटा लागली. शाळेची पितळी घंटा, तीही जड, एकसंध ओतीव. ओताऱ्याच्या पोराला पितळ हातावरूनच कळतं. त्यानं ती घंटा फाटक्या पडद्यांखाली दडवली, वर दोन मोडके स्टोव्ह ठेवले आणि त्या ढिगाला असं कळाहीन करून टाकलं की भिकाऱ्यानंही नाक मुरडावं.

दुसरा ढीग मात्र त्यानं नवरीसारखा सजवला. वर लंबकाचं घड्याळ. आतलं यंत्र कधीच मेलेलं होतं, पण काच शाबूत होती. त्याच्या शेजारी फुलाफुलांच्या बशा. आणि ढीग फुगलेला दिसावा म्हणून खाली एक पत्र्याची पेटी सरकवली. पेटीत होतं तरी काय? अंगात घालायचा एक जाड लोकरी सदरा, लाल टाके घातलेला एक कातडी चेंडू, त्यावर शाईनं केलेल्या कुणाकुणाच्या सह्या, आणि कातड्याचा एक जाडजूड हातमोजा. डाव्या हाताचा.

दिगंबरनं मोजा एकदा हातात घेतला होता. त्याच्या बापाच्या कारखान्यात असेच जाड मोजे असायचे, भट्टीतून वितळलेल्या पितळाची मूस उचलायला. पाद्री काहीतरी ओतकाम करत असावा, असा त्यानं हिशेब बांधला. पण उजवा मोजा कुठंच नव्हता, आणि एका हातानं कुणी मूस उचलत नाही. बाजारात तर जोड फुटलेल्या वस्तूला कुत्रंही विचारत नाही. त्यानं मोजा पेटीत परत टाकला.

अंबादासनं सजवलेला ढीग उचलला. दिगंबर आठवडाभर मनात हसत होता.

मग पुण्याहून एक गृहस्थ आले, जुन्या वस्तू जमवणारे. बाजारात हिंडता हिंडता अंबादासच्या सतरंजीपाशी थांबले आणि तिथंच उकिडवे बसले. तो सदरा, तो चेंडू, तो मोजा... शंभर वर्षांपूर्वीचा सगळा ऐवज. अमेरिकेत बेसबॉल म्हणून एक खेळ असतो, आपल्या चेंडूफळीच्या नात्यातला. तो पाद्री तरुणपणी त्यात नाव काढलेला गडी होता म्हणे, आणि चेंडूवरच्या सह्या त्याच्या संघातल्या भिडूंच्या. चेंडू आणि सदरा त्यांनी तिथल्या तिथं नेला. त्या पैशांतून अंबादासच्या घरावरचे पत्रे गेले आणि पक्का स्लॅब आला. मोजा मात्र त्यानं अजून दिला नव्हता. का, ते कुणाला सांगत नव्हता.

आणि दिगंबरची झोप उडाली.

त्यानं आपल्या वाट्याचं उरलंसुरलं पुन्हा पुन्हा उपसलं. पडदे झटकले, स्टोव्हच्या पोटात बोटं घातली. उजवा मोजा सापडला नाही. घंटा तर त्यानं केव्हाच वजनावर मोडीत घातली होती. गावात कुणी अंबादासचं नाव काढलं की त्याला वाटायचं, आपलंच कुणीतरी उचलून नेतंय. नव्या स्लॅबवर वाळत घातलेलं लुगडंसुद्धा त्याच्या डोळ्यांत खुपायचं.

तोच दिगंबर आज ओट्यावर बसला होता.

"तुमचं म्हणणं काय?" बाबांनी विचारलं. रागावले की ते शिष्याला अहोजाहो करायचे.

"वाटणी मोडायची. नव्यानं करायची. तुम्ही एक शब्द टाका. तुमचा शब्द तो खाली पडू द्यायचा नाही."

"आणि न्हाई टाकला तर?"

"तर पाल वेगळं. तो तिकडं, मी इकडं. तोंड बघणार नाही त्याचं."

बाबांनी पिशवीवरचा हात काढला.

"दुखतंय कुठं नेमकं?"

"खोटं कशाला बोलू... जळतोय मी, बाबा. त्याला ते दिसलं, मला दिसलं नाही. सुपारी चघळणारा माणूस तो! त्याला वाचता येत नाही, पितळ आणि काशातला फरक कळत नाही. मग त्याला नजर दिली कुणी? तुम्हीच दिली असणार. मला का नाही दिली?"

आता खरं दुखणं बाहेर आलं. स्लॅबपेक्षा ते आत होतं.

बाबांनी शेरणीची पिशवी त्याच्यापुढं सरकवली.

"कर दोन वाटे. मी उचलतो."

"आत्ता?"

"आत्ता. तुझी नजर बघू की."

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. समोरचा माणूस त्यांना सावलीएवढाच दिसायचा. दिगंबरनं पिशवी ओट्यावर रिकामी केली आणि त्यातून खोबऱ्याची एक अख्खी वाटी गडगडत बाहेर आली. पांढरीशुभ्र, जाड. दिगंबरचा जीव खोबऱ्यावर. लहानपणापासूनचा.

काय सांगायचं माणसाचं! न्याय मागायला आलेला, गुरूच्या पुढ्यात बसलेला, वर गुरू आंधळा. तरी हात आपली खोड सोडीना. त्यानं खोबऱ्याची वाटी अलगद चुरमुऱ्यांखाली ढकलली आणि सगळे बत्तासे दुसऱ्या ढिगावर रचले.

"झालं, बाबा."

"हात दे."

बाबांनी खांद्यावरचं हिरवं फडकं काढलं, दिगंबरच्या हातावर टाकलं आणि फडक्याखाली त्याची बोटं धरली. फकीर होण्याआधी बाबा बैलबाजारात दलाल होते. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं दाबून बोलतात.

"आता गप ऱ्हा."

बाबांचा मोकळा हात बत्ताशांवर गेला. थांबला. मग चुरमुऱ्यांवर गेला. थांबला.

परत बत्ताशांवर आला, आणि त्यांनी बत्तासे आपल्याकडं ओढले.

"ह्यो माझा. तो तुझा. खूश?"

"खूश," दिगंबर म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना.

"खोबरं गोड हाय का बघ."

दिगंबरचं हसू जागच्या जागी सुकलं.

"तुम्हाला... दिसलं?"

"मला काय दिसतंय, लेका? चुरमुऱ्यावर हात नेला तर तुझी बोटं आवळली. बत्ताशावर नेला तर सैल पडली. तुला जे हवं होतं, ते तुला ठिवलं."

लिंबावर खारी भांडत होत्या. दिगंबर फडक्याखालच्या आपल्या हाताकडं बघत राहिला.

त्याला मिशनच्या मालाच्या वाटणीचा दिवस आठवला. अंबादास आधी कुठं वाकला होता? फाटक्या पडद्यांकडं. त्यानं पडद्याला हात घातला होता, आणि तसाच मान वर करून दिगंबरकडं बघितलं होतं. मग पडदा सोडला, घड्याळाच्या ढिगाकडं वळला आणि हसून म्हणाला होता, 'ह्यो घेतो मी.'

दिगंबरला तेव्हा वाटलं होतं, फसला मुका.

"बाबा... त्याला मोजा दिसलाच नव्हता?"

"न्हाई."

"मग बघितलं काय त्यानं?"

"तुला."

दिगंबरनं हात ओढून घेतला. आणि शहाणपण यावं त्या जागी त्याला संतापच आला, कारण मत्सर असा एका फटक्यात मरत नाही.

"म्हणजे त्यानं मला घंटा सोडली? भीक घातली मला? इतकी वर्षं मी लबाडी करतोय आणि हा मेला समजून उमजून सोडतोय? हे तर त्याहून वाईट, बाबा! स्लॅब नेला तो नेला, चांगुलपणाही त्यानंच न्यायचा? माझ्या वाट्याला काय ठेवलं मग?"

बाबा पहिल्यांदाच हसले. बसल्या चटईचा कोपरा त्यांनी उचलला आणि खालून काहीतरी काढून दिगंबरच्या मांडीवर ठेवलं.

जुन्या तेलाचा आणि घामाचा वास आला. काळपट तपकिरी कातडं, जाडजूड बोटं, मधोमध पडलेला खळगा.

तोच मोजा.

"सकाळीच ठिवून गेला अंबादास," बाबा म्हणाले. "म्हणाला, दिगूनं वाटे केले नसते तर पेटी माझ्याकडं आलीच नसती. ह्यो त्याचा वाटा. पुण्यावाल्याचा नंबर बी दिलाय. इकायचा तर इक, ठिवायचा तर ठिव."

दिगंबरचे डोळे भरले. त्यानं मोजा डाव्या हातात घातला. शंभर वर्षांपूर्वी कुणा परक्या हातानं त्याला वळण लावलं होतं, तरी तो नीट बसला. आपल्या गुरुभावाला आपण काय काय बोललो, ते त्याला एकेक आठवायला लागलं.

आणि मग, बोटं आत सरकवता सरकवता, मनातला तो जुना दुकानदार परत उठून बसला. जोड... जोड असला तर भाव चौपट.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "रागावू नका. पण तुम्हाला तो सगळं सांगतो. याचा उजवा कुठंय?"

बाबांनी चुरमुऱ्यांत हात घातला आणि खोबऱ्याची वाटी काढली. आवाजाच्या रोखानं उडवली.

दिगंबरचा डावा हात आपसूक वर गेला. खोबरं मोज्याच्या खळग्यात धप्प करून बसलं.

"आता दे हिकडं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी आपला तळवा पुढं केला.

दिगंबरनं मोजाच पुढं नेला. मोज्याची बोटं खोबऱ्यावर मिटलेली, ती काही सुटेनात. मनगट झटकलं तरी खोबरं आतच. शेवटी त्यानं उजवा हात घातला, उघडा, आणि खोबरं काढून बाबांच्या तळव्यावर ठेवलं.

बाबांनी खोबऱ्यासकट त्याचा तो हात घट्ट धरला. फडकं न टाकता.

"ह्यो काय उजवा. द्यायचा हात उघडाच असतो," ते म्हणाले. "सापडला की."